गावतळ्यावरची प्रयोगवही: परिसंस्थेचे शब्द हाताळून शिकण्याची रीत

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गावोगावी तळी आहेत. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने त्यांतील बरीच तळी बांधली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे मालगुजारांमार्फत शेतसारा गोळा करण्याची पद्धत, संपली आणि ही तळी सरकारकडे आली, तेव्हापासून कागदोपत्री ती ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि बोलण्यात ‘मामा तलाव’ झाली. शेताच्या कडेची लहान तळी, म्हणजे बोड्या, त्या वेगळ्याच. इतकी पाणथळ संपत्ती दारात असताना सातवी ते दहावीची मुले ‘परिसंस्था म्हणजे काय’ याचे उत्तर घोकून लिहितात. मात्र पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, उभे करून ‘यातला उत्पादक दाखव’ असे विचारले की ती कमळाकडे बोट दाखवतात आणि थांबतात. पाण्याला हिरवी झाक देणारे सूक्ष्म शैवाल हे खरे मोठे उत्पादक, म्हणजे स्वतःचे अन्न स्वतः तयार करणारे जीव, त्यांच्या बोटाखालून निसटतात, कारण तो शब्द त्यांनी कधी ओंजळीत घेतलेला नसतो.

हे मार्गदर्शन अशा मुलांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांसाठी आहे. प्रत्येक शब्द त्याच्या मोजमापासह किंवा कृतीसह शिकावा, एवढाच त्यामागचा आग्रह आहे. काम दिवाळीनंतर सुरू करावे, कारण तोवर तळे भरलेले असते, पावसाचा गढूळपणा खाली बसलेला असतो आणि धानाची कापणी आटोपत आल्याने मोठ्या माणसांनाही सोबत यायला सवड मिळते.

तळ्यावर जाण्यापूर्वी

ग्रामपंचायतीला आणि तळ्यात मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांना आधी सांगावे. परवानगीचा प्रश्न आहेच, पण पाण्याची खोली, खड्डे आणि दलदल यांची जितकी माहिती त्यांना असते तितकी दुसऱ्या कोणालाही नसते. मुलांनी एकट्याने पाण्यात उतरू नये. मोजमापे काठावरून बांबूच्या साहाय्याने घ्यावीत किंवा जाणत्या माणसाबरोबर डोंग्यातून घ्यावीत. दिवड हा पाणसाप बिनविषारी आहे, तरीही कोणत्याच सापाला डिवचू नये. तळ्याचे पाणी चाखू नये आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत.

काठावर तीन जागा ठरवून तेथे खुंट्या ठोकाव्यात. एक पाळीजवळ असावी, एक सांडव्याजवळ आणि एक जेथून शेताचे पाणी तळ्यात येते तेथे. ही तयारी किरकोळ वाटली तरी टाळू नये. पहिल्या वर्षी आम्ही सकाळचे तापमान पाळीजवळ घेतले आणि दुपारचे सांडव्याजवळ, आणि मग ‘दुपारी पाणी इतके तापते’ असा निष्कर्ष लिहिला. वेळही बदलली होती आणि जागाही, त्यामुळे फरक कशामुळे पडला हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरला नाही. दोन आठवड्यांची नोंद बाद करावी लागली.

निरीक्षण, अनुमान आणि परिकल्पना

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे ‘निरीक्षण’ आणि उजवीकडे ‘अनुमान’ असे लिहावे. जे डोळ्यांनी दिसले, हाताला लागले किंवा उपकरणाने मोजले ते डावीकडे जाते. त्यावरून जे वाटले ते उजवीकडे. ‘सकाळी ६ वाजता मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडत होते’ हे निरीक्षण झाले. ‘माशांना प्राणवायू कमी पडत होता’ हे अनुमान झाले. मुले सुरुवातीला दुसरे वाक्य डावीकडे लिहितात, आणि ते उजवीकडे नेण्याची सवय लागायला महिनाभर लागतो. हा महिना पूर्ण द्यावा, कारण पुढचे सगळे प्रयोग या एका रेघेवर उभे आहेत.

अनुमानातून पुढचा प्रश्न निघतो आणि त्या प्रश्नाचे तपासता येण्याजोगे उत्तर म्हणजे परिकल्पना. याच अर्थाने ‘गृहीतक’ हा शब्दही अनेक ठिकाणी वापरला जातो. मी तो टाळतो. भूमितीच्या तासाला मूल शिकते की गृहीतक म्हणजे सिद्धतेशिवाय मान्य केलेले विधान. विज्ञानाच्या तासाला त्याच शब्दाचा अर्थ ‘तपासून पाहायचे आणि खोटे ठरल्यास सोडून द्यायचे विधान’ असा होतो. एकाच शब्दाचे असे दोन विरुद्ध अर्थ एकाच दप्तरात असले की मूल गोंधळते, आणि त्यात त्याचा दोष नसतो. परिकल्पना लिहिताना ‘जर… तर…’ अशी वाक्यरचना वापरावी: ‘जर पाण्यात खत मिसळले, तर शैवाल अधिक वाढेल.’ या वाक्यात काय बदलायचे आणि काय मोजायचे, हे दोन्ही आलेले असते.

पाण्याची मोजमापे

तळ्यातील पाणी, गाळ, ऊन, तापमान आणि विरघळलेले वायू हे अजैविक घटक होत. त्यांच्यापासून सुरुवात करावी, कारण ते पळून जात नाहीत.

तापमान घेताना तापमापीचा फुगा पाण्यातच ठेवून वाचन करावे. तापमापी बाहेर काढून वाचली तर वाऱ्याने आकडा बदलतो. प्रत्येक ठिकाणी तीन वाचने घेऊन त्यांची सरासरी काढावी आणि आकड्यापुढे एकक लिहावे. एकक नसलेला आकडा वहीत राहू देऊ नये.

पारदर्शकता मोजण्यासाठी सेक्की तबकडी वापरतात. इटलीचे धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची स्वच्छता मोजली होती. गोड्या पाण्यासाठी आज २० सेंमी व्यासाची काळी-पांढरी तबकडी वापरली जाते. डब्याचे तेवढ्या आकाराचे जुने झाकण घेऊन त्याचे चार भाग करावेत आणि ते आलटून पालटून काळे व पांढरे रंगवावेत. मध्यभागी भोक पाडून दोरी ओवावी, खाली जड नट बांधावा आणि दोरीला दर १० सेंमीवर गाठ मारावी. सकाळी १० ते दुपारी २ या वेळात, पाण्यावर ऊन चमकत नसेल अशा सावलीच्या बाजूने तबकडी हळूहळू सोडावी. ती दिसेनाशी झाली की खोली नोंदवावी, नंतर वर ओढताना पुन्हा दिसू लागली की ती खोलीही नोंदवावी. पहिली ४६ सेंमी आणि दुसरी ४० सेंमी असेल, तर पारदर्शकता ४३ सेंमी झाली. उथळ बोडीत तबकडी दिसत असतानाच तळाला टेकते. अशा वेळी आकडा न लिहिता ‘तळापर्यंत दिसते’ असे लिहावे.

पारदर्शकता कमी असली म्हणजे पाणी घाण आहे, असे मात्र समजू नये. मत्स्यपालनात सूक्ष्म शैवालामुळे ३० ते ४० सेंमी पारदर्शकता असलेले तळे चांगले मानतात, कारण तेच शैवाल पुढे माशांच्या अन्नाचा पाया होते. पाणी मातीने गढूळ आहे की शैवालाने हिरवे, हे ओळखण्यासाठी काचेच्या बरणीत पाणी भरून ते रात्रभर न हलवता ठेवावे. मातीचे बहुतेक कण खाली बसून तळाशी थर होतो. शैवालाची हिरवी झाक मात्र वरच्या पाण्यात बव्हंशी टिकून राहते. घरात तुरटी फिरवून पाणी निवळवणारी आजी हा पहिला भाग मुलांना अधिक चांगला समजावून सांगू शकेल.

सामू म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा अंक. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. ही मापनश्रेणी डेन्मार्कचे सोरेन सोरेनसन यांनी १९०९ मध्ये मांडली. तिची एक गोष्ट मुलांच्या ध्यानात राहत नाही: एका अंकाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात ठेवून केलेला दर्शक लिंबाच्या रसात गडद गुलाबी आणि सोड्याच्या पाण्यात हिरवा होतो, त्यामुळे संकल्पना समजण्यासाठी तो उत्तम आहे. तळ्याचा सामू मात्र बहुधा ६.५ ते ९ या अरुंद पट्ट्यात फिरतो, म्हणून तेथे रंगपट्टीसह मिळणारी सामू कागदाची पट्टी वापरावी. पहाटे आणि दुपारी ३ वाजता, एकाच खुंटीपाशी ती बुडवावी. हिरव्या तळ्यात दुपारचा सामू बहुधा वर गेलेला आढळतो. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सौम्य आम्ल तयार करतो, आणि दिवसा प्रकाशसंश्लेषणात शैवाल तो वायू काढून घेते, म्हणून पाणी अल्कतेकडे सरकते. आकड्यांच्या या एका जोडीत भौतिक, रासायनिक आणि जैविक असे तिन्ही भाग एकत्र येतात. ‘परिसंस्था’ या शब्दाचा अर्थ समजावून देताना मी व्याख्येआधी ही जोडी फळ्यावर लिहितो. सजीव आणि त्यांचा अजैविक परिसर यांना मिळून एकच व्यवस्था मानावे, हा विचार मांडून तिला नाव देण्याचे काम ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ मध्ये केले.

ओंजळभर पाण्यातील जीव

‘प्लवक’ हा शब्द संस्कृत ‘प्लु’ म्हणजे तरंगणे या धातूपासून आला आहे. जे जीव प्रवाहाविरुद्ध पोहू शकत नाहीत आणि पाण्याबरोबर वाहत राहतात, ते प्लवक. त्यांतील शैवालासारखे अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक आणि त्यांना खाणारे ते प्राणिप्लवक. ते पकडण्यासाठी तारेचे कडे करून त्याला जुन्या तलम ओढणीची निमुळती पिशवी शिवावी आणि टोकाला लहान बाटली बांधावी. बांबूला लावून ही जाळी काठाने दहा पावले हळू ओढली की बाटलीत पुरेसे जीव जमतात. वनस्पतिप्लवक बहुतेक कापडातून निसटतात, म्हणून त्यांच्यासाठी पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा. शाळेत सूक्ष्मदर्शक नसेल तर स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश यांच्या गटाने तयार केलेला, कागदाची घडी घालून बनणारा फोल्डस्कोप कमी खर्चात काम भागवतो.

भिंगाखाली झटके देत उड्या मारणारा पाणपिसू आणि नाशपातीच्या आकाराचा, एकच डोळा असलेला सायक्लोप्स हे दोन जीव हमखास ओळखता येतात. सायक्लोप्सच्या मादीच्या शेपटीजवळ दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या लोंबत असतात. हा जीव दाखवताना नारू या कृमीमुळे होणाऱ्या रोगाची गोष्ट मी कधीही वगळत नाही. नारूच्या कृमीची पिल्ले याच सायक्लोप्सच्या पोटात वाढत असत आणि न गाळलेल्या पाण्याबरोबर माणसाच्या शरीरात जात असत. ‘पाणी कापडाने गाळून प्या’ हा साधा सल्ला परिणामकारक ठरला, कारण सायक्लोप्स कापडात अडकतो. २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. मुलांच्या आजी-आजोबांपैकी कोणी नारू पाहिलेला असेल तर त्यांना वर्गात बोलवावे.

यानंतर दिसलेल्या प्रत्येक सजीवाची चिठ्ठी करावी आणि त्या चिठ्ठ्या उत्पादक, भक्षक (इतर जीवांना खाणारे) आणि विघटक (मेलेले अवशेष कुजवणारे) अशा तीन ढिगांत वाटाव्यात. सूक्ष्म शैवाल, हायड्रिला, कमळ आणि शिंगाडा उत्पादकांत जातील. पाणपिसू, बेडकाचे डिंभक, चतुराची अळी, रोहू, मरळ, खंड्या, बगळा आणि पाणकावळा भक्षकांत जातील. विघटकांचा ढीग रिकामा राहतो, कारण जिवाणू आणि बुरशी जाळीत येत नाहीत. त्यासाठी गाळात कुजणारे पान उचलून त्यावरचा बुळबुळीत थर दाखवावा.

बाण काढताना सर्वांत अधिक चुका होतात. मुले खाणाऱ्याकडून खाद्याकडे बाण काढतात. अन्नसाखळीतील बाण ऊर्जेची दिशा दाखवतो, म्हणून तो खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जातो: शैवाल → पाणपिसू → लहान मासा → मरळ. लहान मासा खंड्याही खातो आणि बगळाही, त्यामुळे एका साखळीला फाटे फुटत जातात आणि अन्नजाळे तयार होते. प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा श्वसनात आणि उष्णतेत खर्च होते, व सुमारे दहा टक्केच पुढे जाते, असा ढोबळ नियम आहे. त्याचा पाया अमेरिकेतील मिनेसोटा येथील एका लहान तळ्याचा अभ्यास करून रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात घातला. हा नियम ऊर्जेचा आहे, वजनाचा नाही, हे स्पष्ट सांगावे. तळ्यात एखाद्या वेळी शैवालाचे वजन त्याला खाणाऱ्यांहून कमीही भरू शकते, कारण शैवाल झपाट्याने वाढते आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जाते.

पहाटेचे मासे

‘विद्राव्य’ म्हणजे विरघळू शकणारे आणि ‘विरघळलेले’ म्हणजे विरघळून बसलेले. तळ्याच्या संदर्भात आपल्याला विरघळलेल्या ऑक्सिजनबद्दल बोलायचे असते. समुद्रसपाटीच्या दाबाला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तो लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो आणि ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. म्हणजे वैशाखातल्या तापलेल्या तळ्यात ऑक्सिजन मावायलाच जागा कमी असते. तो अचूक मोजण्याची विंकलर पद्धत १८८८ पासून प्रचारात आहे. तिच्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागते, म्हणून ती प्रयोगशाळेतच आणि शिक्षकांच्या हातूनच व्हावी.

मुलांनी वेगळे काम करावे. सलग सात दिवस सूर्योदयाच्या वेळी आणि दुपारी, ठरलेल्या खुंटीपाशी दहा मिनिटे उभे राहून, पृष्ठभागाशी तोंड उघडणारे मासे मोजावेत. नंतर ही नोंद घेऊन ढीवर बांधवांकडे जावे. मासे केव्हा वर येतात, कोणत्या हवेत अधिक येतात, हे त्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. त्या माहितीमागचे कारण आपल्या शब्दांत असे मांडता येते: दिवसा प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजनची भर पडते, रात्री ती थांबते, पण मासे, शैवाल आणि विघटक या सर्वांचे श्वसन चालूच राहते, त्यामुळे पहाटे साठा सर्वांत खाली येतो. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे तो आणखी खाली जातो. मरळ मात्र हवेतूनही श्वास घेऊ शकते, म्हणून तिचे वर येणे वेगळ्या रकान्यात लिहावे.

नऊ बाटल्यांचा प्रयोग

धानाच्या रोवणीनंतर बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, टाकलेल्या खताचा काही भाग पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात येतो. त्याने काय होते, हे तळ्यात खत टाकून कधीही पाहू नये. त्यासाठी एक लिटरच्या नऊ पारदर्शक बाटल्या पुरतात.

एकाच बादलीत तळ्याचे पाणी घ्यावे, मोठे जीव निघून जातील अशा रीतीने ते कापडाने गाळावे आणि सर्व बाटल्यांत सारखे भरावे. १ ग्रॅम युरिया १ लिटर साध्या पाण्यात विरघळवून त्यातील १० मिलिलिटर तीन बाटल्यांत घालावे. तसेच डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खताचे द्रावण करून ते दुसऱ्या तीन बाटल्यांत घालावे. उरलेल्या तीन बाटल्यांत १० मिलिलिटर साधे पाणी घालावे. याचा अर्थ खताच्या प्रत्येक बाटलीत साधारण १० मिलिग्रॅम खत गेले. हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. तोंडाला मलमल बांधावी, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. सर्व बाटल्या एकाच खिडकीत ठेवाव्यात आणि त्यांच्या जागा रोज आलटून पालटून बदलाव्यात.

येथे चलांची नावे घ्यावीत. खताचा प्रकार आपण मुद्दाम बदलला, तो स्वतंत्र चल. पाण्याचा हिरवेपणा त्यावर अवलंबून बदलतो, तो आश्रित चल. पाणी, ऊन, बाटली आणि वेळ सर्वांना सारखे ठेवले, ते नियंत्रित चल. साध्या पाण्याच्या तीन बाटल्या हा तुलनासंच, ज्याच्याशिवाय इतर सहांतील बदल खतामुळे झाला असे म्हणता येणार नाही. प्रत्येक प्रकाराच्या तीन बाटल्या म्हणजे पुनरावृत्ती, कारण एखादी बाटली योगायोगानेही वेगळी वागू शकते.

दर तिसऱ्या दिवशी बाटल्यांच्या चिठ्ठ्या झाकाव्यात आणि कोणत्या बाटलीत काय आहे हे माहीत नसलेल्या मुलाला त्या फिकटपासून गडदपर्यंत ओळीने लावायला सांगावे. ज्याने प्रयोग मांडला त्याचे डोळे त्याला हवे तेच पाहतात. दोन ते तीन आठवडे नोंद ठेवावी. कॅनडातील ऑंटारियो प्रांतात डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने १९७३ मध्ये एका सरोवराचे पडद्याने दोन भाग केले. दोन्ही भागांत त्यांनी कार्बन आणि नायट्रोजन घातला, पण फॉस्फरस एकाच भागात घातला आणि तोच भाग शैवालाने हिरवागार झाला. डीएपीत फॉस्फरस असतो, युरियात नसतो. आपल्या बाटल्यांनी याहून वेगळे उत्तर दिले तर वहीत तेच उत्तर लिहावे आणि तळ्याच्या पाण्यात आधीपासून काय होते याचा विचार करावा.

पोषकद्रव्ये वाढून शैवाल दाटणे, ते मरून कुजणे आणि त्या कुजण्यात ऑक्सिजन संपणे या क्रियेला मराठीत ‘सुपोषण’ असेही म्हटले गेले आहे. अंगणवाडीच्या भिंतीवर हाच शब्द बाळाच्या चांगल्या पोषणासाठी लिहिलेला असतो, म्हणून मुलांना तळ्याचे सुपोषण ही आनंदाची बातमी वाटते. ‘अतिपोषण’ हा शब्द वापरल्यास हा घोटाळा होत नाही.

उन्हाळ्यातील गाळ

चैत्र-वैशाखात बोडी आटून तिच्या तळाला भेगा पडतात. वरचा दोन-तीन सेंमी कोरडा गाळ ओंजळभर आणून त्याचे दोन सारखे भाग करावेत. एक भाग जुन्या पातेल्यात पाणी घालून अर्धा तास खळखळून उकळावा. दुसरा तसाच ठेवावा. उकळून गार केलेले आणि नंतर हवा मिसळावी म्हणून चांगले घुसळलेले पाणी दोन बरण्यांत भरून त्यांत हे भाग वेगवेगळे टाकावेत. बरण्यांवर मलमल बांधून त्या उजेडात पण उन्हाबाहेर ठेवाव्यात आणि पंधरा दिवस रोज भिंगाने पाहाव्यात. पाणपिसूसारख्या अनेक जीवांची कवचबंद अंडी कोरड्या गाळात महिनोन्महिने टिकतात आणि पाणी मिळाले की फुटतात, त्यामुळे न उकळलेल्या बरणीत हलणारे ठिपके दिसण्याची चांगली शक्यता असते. पहिला ठिपका कोणत्या दिवशी आणि कोणत्या बरणीत दिसला, हे तारखेसह लिहावे.

पाऊस पडला की बेडूक आणि किडे चिखलातून आपोआप उपजतात, असे अनेक घरांत सांगितले जाते, आणि एकेकाळी युरोपातही असेच मानत. १६६८ मध्ये फ्रांचेस्को रेडी यांनी उघड्या आणि कापडाने झाकलेल्या भांड्यांत मांस ठेवून दाखवले की अळ्या उडणाऱ्या माश्यांच्या अंड्यांतूनच येतात. आपल्या दोन बरण्या त्याच जातीचा प्रश्न विचारतात: गाळ दोन्हीकडे तोच आहे, मग जीव एकीकडेच का? मुलांनी कारण आधी स्वतः लिहावे. पंधरा दिवसांनी न उकळलेल्या बरणीतील पाणी, गाळ आणि जीव ज्या बोडीतून आणले तिच्याच उरलेल्या डबक्यात परत सोडावेत. खताच्या बाटल्यांतील पाणी मात्र तळ्यात न ओतता परसातील झाडांना घालावे.